तिसऱ्या क्रमांकाची लढत

कुठल्याही स्पर्धेतली तिसऱ्या क्रमांकाची लढत म्हणजे उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनी जड पायांनी खेळायचा सामना. प्रेक्षक चहा प्यायला उठलेले असतात, कॅमेरे अंतिम सामन्याची तयारी करत असतात. फुटबॉलच्या विश्वचषकातही ही लढत का खेळवतात, असा प्रश्न दर चार वर्षांनी कुणीतरी विचारतोच.

पण अशी एक स्पर्धा होती, जिथे अंतिम सामना निवांत असायचा आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत खेळाडूचं अख्खं आयुष्य पणाला लागायचं. ऑलिंपिकसाठीची आशियाई तायक्वांदो पात्रता स्पर्धा. २००४ साली बँकॉकमध्ये ती झाली तेव्हा महिलांच्या ४९ किलोखालील गटात नेपाळची संगीना वैद्य तिसरी आली आणि अथेन्स ऑलिंपिकला पोचली. पात्रता स्पर्धेत लढून ऑलिंपिकला जाणारी पहिली नेपाळी खेळाडू म्हणून तिचं नाव घेतलं जातं. नेपाळ तर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून या मेळ्याला जात होता. मग चाळीस वर्षं काय झालं, आणि त्या तिसऱ्या क्रमांकाचं पुढे काय झालं, याची ही गोष्ट.

आधी थोडं गणित. तायक्वांदो १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ होता. १९९४ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला पूर्ण दर्जा दिला आणि २००० साली सिडनीत पहिल्यांदा खरीखुरी पदकं दिली गेली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ वजनगट असतात, ऑलिंपिकने मात्र प्रत्येकी चारच ठेवले. एका गटात साधारण सोळा खेळाडू, म्हणजे सगळे मिळून सव्वाशेच्या आसपास. सगळ्या जगासाठी एवढ्याच जागा.

यात एक नियम फार महत्त्वाचा होता. सुरुवातीच्या ऑलिंपिकमध्ये एका देशाला जास्तीत जास्त दोन पुरुष आणि दोन महिला पाठवता यायच्या. म्हणजे ज्या कोरियात हा खेळ जन्मला, त्या कोरियालाही आठपैकी चारच गटांत उतरता येत होतं. उरलेल्या चार गटांत कोरिया नाही! सगळी पदकं एकाच देशाने नेली तर खेळ ऑलिंपिकमध्ये टिकणार नाही, या जाणिवेतून आलेला हा नियम छोट्या देशांच्या चांगलाच पथ्यावर पडला.

प्रवेशाच्या वाटा दोन होत्या. पहिली जागतिक पात्रता स्पर्धा. अथेन्ससाठी ती पॅरिसला झाली, बीजिंगसाठी मँचेस्टरला. तिथे प्रत्येक गटातले पहिले तीन थेट आत. ज्यांना तिथे जमलं नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट, आपापल्या खंडाची पात्रता स्पर्धा. आशियाला प्रत्येक गटात तीन जागा होत्या. म्हणजे उपांत्य फेरी जिंकलेले दोघं ऑलिंपिकला पोचले, त्यांच्यातला अंतिम सामना मानापुरता. तिसरी जागा मात्र उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांपैकी एकाचीच. जिंकणारा विमानात, हरणारा चार वर्षं घरी.

आता आशिया म्हणजे काय ते बघा. कोरिया, इराण, तैवान, चीन, थायलंड, जॉर्डन, व्हिएतनाम, सगळे याच खंडात. दुसऱ्या एखाद्या खेळात आशियाई पातळी म्हणजे जागतिक पातळीच्या एक पायरी खाली असेल, तायक्वांदोत तसं नाही. इथली गर्दी जगात सगळ्यात दाट. पण देशामागे चार खेळाडूंची मर्यादा आणि काही तगडे आधीच जागतिक स्पर्धेतून आत गेलेले, यामुळे या गर्दीत थोडी फट राहायची. नेपाळ त्या फटीतून आत शिरला.

नेपाळचं आणि तायक्वांदोचं नातं तेव्हा नवं नव्हतं. १९८८ मध्ये सोलला बिधान लामाने कांस्यपदक मिळवलं होतं. पण खेळ प्रदर्शनीय, त्यामुळे अधिकृत पदकतालिकेत ते धरलं जात नाही. नेपाळमध्ये आजही ते नाव आदराने घेतात आणि लगेच पुढे ‘पण’ जोडतात. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत सविता राजभंडारीने रौप्यपदक आणलं. महागडं मैदान नाही, घोडे नाहीत, बोटी नाहीत. एक हॉल, चटया, चेस्ट गार्ड आणि शिकवणारा मिळाला की खेळ सुरू होतो. वजनगट असल्यामुळे अंगाने लहान असणं हा दोष ठरत नाही. लष्कर आणि पोलीस दलांच्या संघांतून खेळाडूंना नोकरीचा आधार मिळतो. गरीब देशाला परवडणारा आणि जिंकता येईल असा हा खेळ होता.

तरीही ऑलिंपिक म्हटलं की नेपाळचे बहुतेक खेळाडू निमंत्रणावर जात. ऑलिंपिकमध्ये शक्य तितके देश दिसावेत म्हणून ज्यांचं कुणीच पात्र ठरत नाही अशांना काही जागा दिल्या जातात. आपण त्याला सरसकट ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतो. यात कमीपणा नाही. धावपटू जातो, राष्ट्रीय विक्रम करतो, पहिल्या फेरीत बाहेर पडतो, ध्वज मात्र फडकतो. पण बोलावलेला पाहुणा आणि हक्काने आलेला माणूस यांत फरक असतो, आणि तो सगळ्यात जास्त त्या खेळाडूलाच कळतो.

२००४ चं नेपाळ आठवून बघा. माओवादी बंडाला आठ वर्षं झाली होती. अथेन्समध्ये ऑलिंपिक चालू असताना, त्याच ऑगस्ट महिन्यात, माओवाद्यांनी काठमांडूची नाकेबंदी जाहीर केली आणि राजधानीकडे येणारी रस्त्यावरची वाहतूक जवळपास थांबली. अशा देशातून एक मुलगी कुणाच्या शिफारशीविना, स्वतःच्या लाथांच्या जोरावर अथेन्सला पोचली होती. तिला पदक मिळालं नाही. त्या गटाचं सुवर्ण तैवानच्या चेन शी-शिनने जिंकलं आणि ते तिच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं सुवर्ण ठरलं. कांस्य थायलंडच्या याओवाफा बुराफोल्चाईला. म्हणजे तीनपैकी दोन पदकं आशियात आली. संगीना ज्या खंडातून तिसरी येऊन निघाली होती, त्याची ताकद त्यावरून कळावी.

चार वर्षांनी पुन्हा तेच घडलं. बीजिंगसाठीची आशियाई पात्रता स्पर्धा २००७ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत झाली. पुरुषांच्या ८० किलोखालील गटात नेपाळचा दीपक बिष्ट तिसरा आला. पुन्हा तीच लढत, पुन्हा तीच शेवटची जागा. दक्षिण आशियाई स्पर्धांत चार सुवर्णपदकं जिंकलेला हा खेळाडू बीजिंगला गेला तोवर त्याचा देश बदललेला होता. मे २००८ मध्ये राजेशाही संपून नेपाळ प्रजासत्ताक झाला होता. संगीना एका राज्याकडून खेळली, दीपक एका प्रजासत्ताकाकडून, आणि दोघांना ऑलिंपिकचं दार उघडून दिलं ते तिसऱ्या क्रमांकाने.

त्याच बीजिंगमध्ये रोहुल्ला निकपाई या अफगाण खेळाडूने ५८ किलोखालील गटात कांस्य जिंकलं. अफगाणिस्तानचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी सिडनीत त्रान हिएउ न्गानने रौप्य जिंकून व्हिएतनामला पहिलं ऑलिंपिक पदक दिलं होतं, तेही तायक्वांदोतच. या खेळाच्या नोंदींत ‘पहिलंच’ हा शब्द वारंवार येतो तो यामुळेच.

मग नियम बदलले. बीजिंगमध्ये पंचांच्या निर्णयांवरून बरेच वाद झाले. क्युबाच्या आंखेल मातोसने तर पंचालाच लाथ मारली आणि आजन्म बंदी ओढवून घेतली. त्यानंतर लंडनला इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आणि व्हिडिओ रिप्ले आले. लाथ लागली की नाही हे आता यंत्र सांगू लागलं. छोट्या देशांच्या खेळाडूंना हे बरंच झालं, कारण पंचाच्या डोळ्याला नामवंत खेळाडूची लाथ नेहमी थोडी जास्त लागलेली दिसते.

पण दुसरा बदल दाराचाच होता. २०१३ च्या अखेरीस ग्रां प्री मालिका सुरू झाली आणि रिओ ऑलिंपिकपासून जागतिक पात्रता स्पर्धेच्या जागी क्रमवारी आली. प्रत्येक गटातले क्रमवारीतले पहिले सहा थेट आत. देशामागे चारची मर्यादाही सैल झाली, रिओला कोरियाचे पाच खेळाडू उतरले. आणि आशियाई पात्रता स्पर्धेतल्या जागा तीनवरून दोनवर आल्या.

तिसरा क्रमांक संपला.

कागदावर हा बदल न्याय्य आहे. चार वर्षं सातत्याने जिंकणाऱ्या खेळाडूचं नशीब एका वाईट दिवसावर का अवलंबून ठेवायचं? आशियाचं एकूण नुकसानही झालं नाही, कारण क्रमवारीतून आशियाई खेळाडू भरपूर जातात. पण क्रमवारीचे गुण मिळवायला देशोदेशी खेळावं लागतं. ग्रां प्रीत प्रत्येक गटातल्या वरच्या बत्तीस जणांनाच प्रवेश, म्हणजे गुण मिळवायला आधी गुण लागतात. त्यासाठी विमानाची तिकिटं, हॉटेलं, व्हिसा, फिजिओ. जुन्या पद्धतीत गरीब देशाला एका स्पर्धेचा खर्च जमवावा लागायचा, आता अख्ख्या वर्षाचा. नुकसान आशियाचं झालं नाही. झालं ते आशियातल्या गरिबांचं.

एप्रिल २०१६ मध्ये मनिलात पहिली ‘दोन जागां’ची स्पर्धा झाली. उपांत्य फेरी हाच आता अंतिम सामना होता. इराणची किमिया अलीझादे ५७ किलोखालील गटात तिथूनच पात्र ठरली, आणि रिओत कांस्य जिंकून उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली इराणी महिला ठरली. जॉर्डनचा अहमद अबुघौशही मनिलातूनच गेला. क्रमवारीच्या दाराने न आलेल्या या पोराने रिओत उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या ली दे-हूनला हरवलं आणि पुढे सुवर्ण जिंकलं. जॉर्डनचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. खंडाच्या दारातून येणारे म्हणजे दुय्यम दर्जाचे, असं कुणाला वाटत असेल तर ही दोन नावं पुरेशी आहेत.

नेपाळ? रिओच्या तायक्वांदोत नेपाळची निशा रावल होती, ६७ किलोवरील गटात. निमंत्रणावर. बारा वर्षांपूर्वी संगीनाने जो उंबरठा लढून ओलांडला होता, तिथे नेपाळ पुन्हा पाहुणा म्हणून उभा राहिला. यात निशाचा दोष काहीच नाही. निकपाईच्या अफगाणिस्तानचा तर रिओत एकही तायक्वांदो खेळाडू नव्हता.

दोन जागांची क्रूरता बघायची तर २०२१ ची अम्मानमधली स्पर्धा बघावी. कोविडमुळे टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं होतं. ५८ किलोखालील गटाच्या उपांत्य फेरीत फिलिपिन्सचा कर्ट बार्बोसा आणि यजमान जॉर्डनचा झैद अल-हलवानी समोरासमोर आले. निकाल ५०-४९. बार्बोसा टोकियोला गेला. एका गुणाने हरलेल्या अल-हलवानीसाठी मागे कुठलीही लढत उरलेली नव्हती. २००४ चा नियम असता तर अजून एक सामना त्याच्या हातात असता.

आपलं काय? २००० पासून एकही भारतीय तायक्वांदो खेळाडू ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. तीन जागा होत्या तेव्हाही नाही, दोन झाल्यावरही नाही. एवढा मोठा देश, गल्लोगल्ली क्लासेस, रविवारी बेल्टच्या परीक्षा, शाळांच्या गॅदरिंगमध्ये कौलं फोडण्याची प्रात्यक्षिकं. आणि शेजारचा नेपाळ दोनदा जाऊन आला. दार अरुंद झालं ही तक्रार करायचा हक्क नेपाळला आहे. आपण तर दार रुंद होतं तेव्हाही आत गेलो नाही.

आशेचा धागा मात्र दुसऱ्याच बाजूने आला. टोकियोत पॅरा तायक्वांदो पहिल्यांदा पॅरालिंपिकमध्ये आलं. हरियाणाची अरुणा तंवर तिथे निमंत्रणावर खेळली. पुढे पॅरिससाठी तिने मार्च २०२४ मध्ये चीनच्या ताइआन शहरात आशियाई पात्रता स्पर्धा जिंकली. पाहुणी म्हणून गेलेली खेळाडू दुसऱ्या वेळी हक्काने गेली. नेपाळचा प्रवास ज्या क्रमाने उलटा झाला होता, तो तिने सुलटा केला.

आणि त्याच पॅरिसमध्ये नेपाळच्या पलेशा गोवर्धनने ५७ किलोखालील गटात कांस्यपदक जिंकलं. पॅरालिंपिकच्या इतिहासातलं नेपाळचं पहिलं पदक. बिधान लामाच्या पदकानंतर छत्तीस वर्षांनी, त्याच खेळात, पण या वेळी पुढे ‘पण’ जोडायची गरज नसलेलं.

ते पदकही शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीतूनच आलं. तेव्हा यापुढे कुठल्याही खेळात ही लढत लागली, तर लगेच चॅनल बदलू नका. कुणासाठी तरी तो अंतिम सामना असतो.