नफ्याची भाषा

इंग्रजी व्यापारी भाषेंत नफ्यासाठीं कांहीं ठरीव शब्दजोड्या आहेत. 'ग्रॉस प्रॉफिट' म्हणजे ढोबळ नफा आणि 'नेट प्रॉफिट' म्हणजे निव्वळ नफा. फ्रेंचमध्यें 'ग्रो' म्हणजे जाडा, 'नेट' म्हणजे स्वच्छ. सर्व खर्च वजा जाऊन उरतो तो स्वच्छ नफा. 'ट्रेडिंग प्रॉफिट' म्हणजे प्रत्यक्ष धंद्यांतून झालेला नफा. हे भेद केवळ पंडितांसाठीं नाहींत, हें लंडनमधील एका खटल्यानें दाखवून दिलें.

रॉयल मेल स्टीम पॅकेट ही ब्रिटनमधील नामांकित आगबोट कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तिला अमाप प्राप्ति झाली व करांच्या नांवें मोठी गंगाजळी बाजूला पडली. पुढें धंदा बसला. तरीहि १९२६ व १९२७ सालच्या हिशेबांत शिल्लकच दिसे आणि भागीदारांस डिव्हिडंड मिळे. तूट भरून निघत होती ती त्या गंगाजळींतून! हिशेबांत तिची खूण एवढीच : 'अ‍ॅडजस्टमेंट ऑफ टॅक्सेशन रिझर्व्ह्ज', म्हणजे करनिधीची जुळवाजुळव.

१९३१ च्या जुलैमध्यें अध्यक्ष लॉर्ड किल्सँट व हिशेबतपासनीस हॅरॉल्ड मॉर्लंड ओल्ड बेली न्यायालयांत आरोपी म्हणून उभे राहिले. जाणत्यास तेवढे शब्द पुरेसे आहेत, असा बचाव झाला आणि ह्या आरोपांतून दोघेहि सुटले. परंतु १९२८ सालीं कर्जरोखे विकतांना काढलेल्या पत्रकाबद्दल किल्सँट ह्यांस एक वर्षाची कैद झाली. त्या पत्रकांत दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी दिली होती. आंकडे खोटे नव्हते. भरभराटीचीं वर्षें केवळ आरंभींचीं होतीं, एवढेंच सांगितलेलें नव्हतें. सुटे सुटे सत्य बोलूनहि एकंदरींत असत्य सांगतां येतें, हें न्यायालयानें मान्य केलें.

ह्या धड्याचें फळ पुढें दिसलें. ब्रिटनच्या १९४८ च्या कंपनी कायद्यानें हिशेबाचें चित्र 'ट्रू अँड फेअर', म्हणजे खरें व न्याय्य, असलें पाहिजे असें बंधन घातलें. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें तीच शब्दजोडी घेतली व २०१३ च्या कायद्यांतहि ती कायम आहे.

आजोबांची ठेव मोडून घर चालविणाऱ्या नातवास आपण कमावता म्हणत नाहीं. तेव्हां कोणी नफा झाला असें सांगितलें, तर एवढेंच विचारावें : कोणता, आणि कोठून आलेला?