विश्वकिरणांचें उगमस्थान

१९१२ सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेस बोहेमियांतील आउसिग गांवाहून एक फुगा आकाशांत चढला. टोपलींत व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ विद्युद्दर्शक यंत्रें घेऊन बसला होता. हवेंत थोडेसे विद्युद्भारित कण सतत उत्पन्न होत असतात. त्यांचें मूळ भूमींतील किरणोत्सर्गी द्रव्यांत आहे, अशी तेव्हांची समजूत होती. तसें असतें तर उंच जावें तसतसें त्यांचें प्रमाण घटावयास हवें होतें. प्रत्यक्षांत पांच हजार मीटरांवर तें जमिनीवरच्या दुपटीहून अधिक भरलें. त्याच वर्षीं एप्रिलांत सूर्यग्रहणसमयीं केलेल्या उड्डाणांत त्यांत कांहींच घट आढळली नव्हती. तेव्हां ह्या किरणांचा उगम सूर्यांतहि नव्हता. (किरण हें नांव रूढ झालें इतकेंच, वस्तुतः हे बहुतांशीं प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूंचीं केंद्रें होत.)

मग ते येतात कोठून? १९३४ सालीं वॉल्टर बाडे व फ्रित्झ झ्विकी ह्यांनीं अमेरिकेंत धाडसी उत्तर दिलें : स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांतून, म्हणजेच अतिनवताऱ्यांतून. असा एक तारा चिनी ज्योतिष्यांनीं १०५४ सालीं वृषभ राशींत नोंदून ठेविला आहे. तो २३ दिवस भरदिवसां दिसत होता. हिशेब तर पुढें चांगलाच जुळला. आपल्या आकाशगंगेंत शतकाकाठीं दोनतीन असे स्फोट होतात. त्यांच्या गतिज ऊर्जेचा दहावा हिस्सा कणांस मिळाला, तरी विश्वकिरणांचा सारा खर्च भागतो. परंतु हिशेब म्हणजे पुरावा नव्हे.

कणांस वेग कसा मिळतो, ह्याची दिशा एन्रिको फर्मीनें १९४९ सालीं दाखविली, आणि १९७७-७८ सालीं अनेकांनीं तिला पूर्णत्व आणिलें. स्फोटाच्या आघातलहरीच्या दोहों बाजूंस चुंबकीय क्षेत्र खवळलेलें असतें. त्यांत सांपडलेला कण लहर ओलांडून चेंडूसारखा पुनः पुनः इकडून तिकडे फेंकला जातो आणि प्रत्येक फेरींत थोडी ऊर्जा त्याच्या पदरांत पडते. व्याज थोडें, पण चक्रवाढीचें.

आतां खरी अडचण. प्रोटॉन विद्युद्भारित असल्यानें वाटेंतील चुंबकीय क्षेत्रांत वळत वळत येतो. त्याला घर विचारून उपयोग नाहीं. गॅमा किरण मात्र सरळ येतात. प्रोटॉन वायूवर आदळला कीं उदासीन पायॉन निर्माण होतो व तो लगेच दोन गॅमा किरणांत फुटतो. पण गॅमा किरण इलेक्ट्रॉनहि निर्माण करतात! म्हणून २००४ सालीं नामीबियांतील, हेसचेंच नांव दिलेल्या दुर्बिणींनीं वृश्चिक राशींतील एका अवशेषाचें गॅमा-चित्र घेतलें, तेव्हां वाद मिटण्याऐवजीं वाढलाच.

निर्णय लागला तो पायॉनच्या वस्तुमानावरून. तें सुमारें १३.५ कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्टांइतकें असल्यामुळें पायॉनजन्य गॅमा किरणांचा आलेख कमी ऊर्जेच्या बाजूस एकदम घसरतो. इलेक्ट्रॉनजन्य किरणांचा तसा घसरत नाहीं. २००८ सालीं सोडलेल्या फर्मी उपग्रहानें चार वर्षें निरीक्षण करून हीच घसरण मिथुन व गरुड ह्या तारकासमूहांतील दोन अवशेषांत टिपली. फल १९३४ च्या तर्कानंतर ७९ वर्षांनीं, २०१३ सालीं, प्रसिद्ध झालें.

तरी आकाशगंगेंतील सर्वांत जोरकस प्रोटॉनांची ऊर्जा तीनावर पंधरा शून्यें इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत जाते, आणि हे दोन्ही अवशेष तेथवर पोंचत नाहींत. २०२१ सालीं चीनमधील वेधशाळेस १०५४ च्या त्याच स्फोटाच्या अवशेषाकडून एकावर पंधरा शून्यें ह्या मर्यादेपलीकडचे गॅमा किरण आलेले आढळले. पण तेथें मध्यभागीं गरगर फिरणारा पल्सार आहे, आणि ते किरण बहुधा इलेक्ट्रॉनांचे असावेत.