खोताच्या ओटीवर आजी चढली नाही

आजचा एपिसोड छोटा आहे, पण मला बरेच दिवस करायचा होता.

मागच्या मे महिन्यात आम्ही घाटकोपरहून गणपतीपुळ्याला गेलो. सोबत आजी. दर्शन झालं, समुद्रावर पाय भिजवले, मग 'प्राचीन कोकण' बघायला गेलो. मंदिराजवळच आहे. ५०० वर्षांपूर्वीचं कोकणातलं गाव तिथे उभं केलंय. झाडीतून पायवाट, मातीची घरं, माणसाच्या उंचीचे पुतळे. कुंभार, लोहार, सुतार असे बलुतेदार आपापल्या कामात. सोबत गाईड सगळं समजावून सांगतो.

अशी गावं जगभर आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ साली स्कान्सेन सुरू झालं, देशभरातली जुनी घरं उचलून आणून. चेन्नईजवळ समुद्रालगत १९९६ पासून दक्षिणचित्र आहे. फिलिपीन्समध्ये कुरिमाओच्या किनाऱ्यावर सितिओ रेमेडिओस नावाचं इलोकानो पद्धतीचं गाव आहे, तिथे तर राहताही येतं. गाव संपायला लागलं की माणसाला ते बघावंसं वाटतं.

तर फिरत फिरत आम्ही खोताच्या घरापाशी आलो. सगळे फोटो काढायला पुढे. आजी मात्र अंगणातच उभी. म्हटलं, "आजी, ये ना वर." ती म्हणाली, "नको रे. बाबा सांगायचे, खोताच्या ओटीवर कुळानं चढायचं नसतं."

मला माहीतच नव्हतं की आम्ही कुळं होतो.

आता हे खोत प्रकरण काय? खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. नांगर धरायचं कूळ, पण कित्येक ठिकाणी निम्मं पीक जायचं खोताकडे. त्याला अर्धेल म्हणायचे. वर वेठबिगार, म्हणजे खोताच्या घरी फुकट राबायचं. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढारी. आणि संप किती दिवस? सहा वर्षं! सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, लाकूडफाटा विकून पोट भरायचं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईत विधिमंडळावर आला. तरी प्रत्यक्ष कायदा यायला १९४९ साल उजाडलं.

म्हणजे आजी तेव्हा लहान मुलगी होती. कायदा होऊन पंचाहत्तर वर्षं झाली, पण ती पायरी तिच्या पायात अजून आहे.

मला ते ठिकाण आवडलं, तुम्हीही जरूर जा. घरं कशी होती, भांडी कशी होती, हे तिथे छान कळतं. पण पीक निघाल्यावर कोणाच्या घरी जायचं, हे पुतळ्याकडे बघून कळत नाही. ते आजीच सांगते.

निघताना मी आजीचा हात धरला. म्हटलं, "चल, आता खोत नाही कोणी." ती हसली, पण चढली नाही. मग मीही खाली उतरून तिच्याजवळ उभा राहिलो. आमचा फोटो अंगणातलाच आहे.

आता तुमचं काम. या गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच विचारा: आपण कूळ होतो की खोत? उत्तर मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!