ओल्ड फ्लो कोणाची?

२०१२ साली पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्सचे महापौर लुत्फुर रहमान यांनी एक पुतळा विकायला काढला आणि ब्रिटनमध्ये गहजब झाला. या भागात बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, रहमानही मूळचे तिकडचेच. ‘मुसलमान महापौर, त्याला बुत कसा चालेल?’ असं आपल्याकडे कुणी पटकन म्हणेल. पण रहमान यांनी दिलेलं कारण साधं होतं. सरकारने अनुदान कापलं होतं आणि पुतळ्याचे सुमारे दोन कोटी पौंड येतील असा अंदाज होता.

पुतळा हेन्री मूरचा. मूर १८९८ मध्ये यॉर्कशायरच्या कॅसलफर्ड गावी खाणकामगाराच्या घरी जन्मला. पोराने मास्तर व्हावं, नोकरी पक्की, असं बापाचं म्हणणं. (आमच्या अब्बांचंही हेच होतं.) मूर काही काळ मास्तर झालाही. मग पहिलं महायुद्ध, विषारी वायूचा मार, आणि परतल्यावर माजी सैनिकाच्या अनुदानावर कलाशिक्षण. पुढे त्याच्या शिल्पांतली माणसं डोंगर-दगडांसारखी झाली. डोकं इवलंसं, अंग अवाढव्य, मध्येच आरपार भोक. चेहरा ओळखू येईल असं काही नाहीच. तसबिरीबद्दल ज्यांच्या घरात परहेज आहे, त्यांनी ही शिल्पं एकदा निवांत पाहावीत असं मला वाटतं.

१९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत लंडनकर भुयारी रेल्वेत झोपायला जात. चादरी-ब्लँकेटं पांघरून फलाटांवर ओळीने पडलेल्या त्या माणसांची चित्रं मूरने काढली. त्यांत पूर्व लंडनचे गोरगरीब पुष्कळ होते. त्या पांघरुणाच्या चुण्या पुढे त्याच्या शिल्पांत उतरल्या. १९५७-५८ मधली ‘वस्त्र ल्यालेली बसलेली स्त्री’ हे कांस्यशिल्प त्यातलंच. १९६२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने ते घेतलं. मूरने बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिलं, कारण ते स्टेपनीतल्या स्टिफर्ड इस्टेट या कामगारवस्तीत बसणार होतं. पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची. वस्तीने तिला ‘ओल्ड फ्लो’ म्हणायला सुरुवात केली.

१९९७ मध्ये वस्तीच्या इमारती पाडल्या गेल्या आणि बाई यॉर्कशायरच्या शिल्पउद्यानात गेली.

रहमान यांची अडचण मला कळते. ज्यांना राहायला धड घर नाही, त्यांच्यापुढे दोन कोटींचा पुतळा ठेवणं अवघडच. तरी निर्णय चुकीचा होता असं माझं मत आहे. मूरने किंमत सोडली ती नगरपालिकेसाठी नव्हे, त्या वस्तीतल्या लोकांसाठी. पुढे ब्रॉम्ली बरोनेही मालकी सांगितली. २०१५ मध्ये न्यायालयाने ती टॉवर हॅम्लेट्सचीच ठरवली आणि नवे महापौर जॉन बिग्ज यांनी विक्री रद्द केली.

२०१७ मध्ये ओल्ड फ्लो परतली, ती कॅनरी वॉर्फच्या कॅबट स्क्वेअरमध्ये. हद्द टॉवर हॅम्लेट्सचीच, पण शेजार बँकांच्या टॉवरांचा. स्टेपनीच्या पोरांना तिला भेटायचं तर आता तिथवर जावं लागतं.