तीन दिवसांचे लंडन : राजवाडे बघायचे की इतिहास वाचायचा?

परदेशी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला जाणारी आपली मुले-मुली आता बऱ्यापैकी दिसू लागली आहेत. मुलगी तिकडे शिकते म्हणून पदवीदानाला आई-वडील जातात. कुणी कंपनीच्या कामासाठी जातो आणि मागेपुढे दोन-तीन दिवस काढतो. मग प्रश्न येतो, तीन दिवसांत काय बघायचे? टूर कंपनीची यादी ठरलेली असते : बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी. फोटो निघतात, पैसे खर्च होतात आणि माणूस लंडन न बघताच परत येतो.

पर्यटन ही कधीच निरागस गोष्ट नसते. कोणती इमारत बघायची आणि कोणती ओलांडून जायची हे ठरवतानाच आपण कोणाचा इतिहास मोठा मानतो हे ठरत असते. आपल्याकडे गडावर गेल्यावर राजाचा वाडा दाखवतात, पण दगड वाहणाऱ्याची वस्ती कुठे होती हे कोणी सांगत नाही. लंडनमध्येही तेच होते. म्हणून लंडनचा बेत आखण्यापूर्वी लंडनकडे बघायची नजर पक्की केली पाहिजे.

या शहराबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, इंग्रजांनी सोन्यासारखा देश लुटला, त्याआधी सगळे आलबेल होते. दुसरी, इंग्रज आले म्हणून आपण माणसात आलो, तेव्हा त्यांचे उपकार माना. पहिली गोष्ट सांगणारा हे लपवतो की त्या सोन्यासारख्या देशात आपल्याला पाणवठा बंद होता. दुसरी सांगणारा हे विसरतो की कोरेगावला महार सैनिक लढवून घेणाऱ्या इंग्रजांनीच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांना सैन्याचे दरवाजे बंद केले. बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी नाकारल्या, आणि त्या लंडनमध्येच बसून नाकारल्या. त्यांची ती तिसरी भूमिका पायी फिरून वाचता येते. तीन दिवस त्यासाठी पुरेसे आहेत.

पहिला दिवस : पुस्तकांचे लंडन

सकाळी ब्रिटिश म्युझियमला जा. प्रवेश मोफत आहे, फक्त वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवा. ही संस्था 1753 साली हान्स स्लोन या डॉक्टरच्या संग्रहातून उभी राहिली. स्लोनच्या संपत्तीचा एक भाग त्याच्या पत्नीकडून आला होता आणि तो जमैकातील उसाच्या मळ्यांतला, म्हणजे गुलामांच्या घामाचा होता. ज्ञानाचे हे मंदिर कशाच्या पायावर उभे आहे, ते दारातच लक्षात घ्या.

आत गेल्यावर इजिप्तच्या ममीकडे धावणाऱ्या गर्दीत सामील होण्याआधी 33 अ क्रमांकाचे दालन गाठा. तिथे काचेच्या भिंतीआड अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे आहेत. आंध्रातल्या कृष्णाकाठची ही बौद्ध कला सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने 1845 साली तिथे उत्खनन केले. शिल्पे आधी मद्रासला गेली आणि 1859 साली त्यातले सुमारे 120 नग लंडनला आले.

‘बघा, आमचा वारसा चोरला!’ असे म्हणून इथून पुढे जाणे सोपे आहे. पण आधीचे पानही वाचा. कॉलिन मॅकेन्झी 1797 साली अमरावतीला पोचला, तेव्हा तिथल्या जमीनदाराचे नवे गाव वसवण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी स्तूपाचे दगड उपसले जात होते. बुद्धाच्या जीवनातले प्रसंग कोरलेल्या शिळा बांधकामात गेल्या, काही भाजून त्यांचा चुना केला गेला. ज्या समाजाने बुद्धाला आपल्या स्मृतीतून पुसून टाकले होते, त्याला तो स्तूप म्हणजे फुकटची दगडखाण वाटली. इंग्रजांनी शिल्पे नेली हे खरे, आणि ती परत मागण्याचा हक्कही आपला आहे. पण स्तूप खाण झाला कसा, याचे उत्तर लंडनकडे मागून चालणार नाही.

म्युझियमच्या मधोमध गोल घुमटाचे वाचनालय आहे. ते 1857 साली उघडले. मार्क्सने आपला ग्रंथ इथेच बसून लिहिला. विद्यार्थिदशेत बाबासाहेब इथेच वाचत बसत. सकाळी दार उघडताना येणारे आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी उठणारे, असे त्यांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. पुस्तके 1997 पासून सेंट पँक्रास येथील ब्रिटिश लायब्ररीत हलवली गेली. इंडिया ऑफिसचे दफ्तरही आता तिथेच आहे. चौथा दिवस हाताशी असेल तर तो त्या लायब्ररीला द्या. इसवी सन 868 मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र तिच्याच संग्रहात आहे. तारीख नोंदवलेले, जगातले सर्वांत जुने पूर्ण छापील पुस्तक म्हणून ते ओळखले जाते, आणि ते बौद्ध सूत्र आहे.

म्युझियममधून चालत वीसेक मिनिटांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला पोचता येते. बाबासाहेब 1916 साली कोलंबियाहून इथे आले आणि त्याच वेळी ग्रेज इनमध्ये कायद्यासाठीही नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अर्ध्यावर परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले, तेव्हा 1920 साली ते पुन्हा लंडनला आले. पुढच्या तीन वर्षांत एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी.! ‘हुशार होते म्हणून झाले’ असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब ऐकवा. शिष्यवृत्तीची मुदत संपली की बुद्धीही अर्ध्या वाटेवरून परत येते. आज शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर न मिळाल्याने परदेशात अडकणाऱ्या आपल्या मुलांसाठी हा इतिहास जुना झालेला नाही.

इथे लिहिलेला त्यांचा प्रबंध म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. तो 1923 साली लंडनमध्येच ग्रंथरूपाने छापला गेला. जॉन मेनार्ड केन्ससारखा अर्थतज्ज्ञ ज्या सुवर्ण-विनिमय पद्धतीचे समर्थन करत होता, तिच्यावर एका तिशीतल्या अस्पृश्य विद्यार्थ्याने साम्राज्याच्या राजधानीत बसून टीका केली. बाबासाहेब इंग्रजधार्जिणे होते असे म्हणणाऱ्यांनी या ग्रंथाची निदान पाने तरी चाळावीत.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर ग्रेज इन आहे. तिथली बाग कामाच्या दिवशी दुपारच्या वेळी लोकांना खुली असते. डबा सोबत असेल तर तिथेच बसून खा.

दुसरा दिवस : सत्तेचे लंडन

बकिंगहॅम पॅलेससमोर पहारा बदलण्याचा सोहळा ठरावीक दिवशी होतो. हजारो लोक मान उंचावून बघत असतात. जुन्या पहाऱ्याची एक तुकडी जवळच्याच सेंट जेम्स पॅलेसमधून निघते. तुम्ही त्या लाल विटांच्या राजवाड्यासमोर जाऊन थांबा. आत जाता येत नाही, पण बाहेर उभे राहण्याचेही मोल आहे.

गोलमेज परिषदेचे कामकाज इथे चालले. उद्घाटन 12 नोव्हेंबर 1930 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या रॉयल गॅलरीत झाले. अस्पृश्यांचे प्रतिनिधी दोन : बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन. पहिल्याच परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रज सरकारला जाब विचारला. तुमच्या राज्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते का? देवळात जाता येत नव्हते, आता येते का? पोलिसात घेत नव्हते, आता घेता का? सगळ्यांचे उत्तर नाही असेच होते. म्हणून आम्हाला लोकांचे राज्य हवे, पण त्या राज्यात आमच्या हाती राजकीय सत्ता हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. सम्राटाच्या घरात बसून सम्राटाच्या सरकारला हे सुनावणे उपकृत माणसाचे काम नव्हे.

दुसरी परिषद 1931 साली भरली. त्या वेळी गांधीजी आले आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपणच करतो असा दावा त्यांनी केला. पुढे ऑगस्ट 1932 चा जातीय निवाडा, येरवड्याचे उपोषण आणि 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. निवाड्यातल्या 71 स्वतंत्र जागांच्या ठिकाणी 148 राखीव जागा आल्या, पण आपला प्रतिनिधी केवळ आपल्या मतांनी निवडण्याचा हक्क गेला. आज राखीव जागेवर निवडून आलेला आमदार आपल्या प्रश्नावर गप्प का बसतो, याचे उत्तर शोधायचे तर त्याची सुरुवात या लाल विटांच्या भिंतीआड सापडेल.

पुढे सेंट जेम्स पार्क ओलांडून किंग चार्ल्स स्ट्रीटवर या. पायऱ्यांवर रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे आणि शेजारची भव्य इमारत म्हणजे जुने इंडिया ऑफिस. या खात्याच्या मंत्र्याचा पगारसुद्धा 1919 च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात होता. म्हणजे आपल्या शेतसाऱ्यातून! त्याच खात्याच्या ग्रंथालयात बाबासाहेबांनी साम्राज्याच्या जमाखर्चाचे कागद उपसले. आपल्या पैशाने भरलेले कपाट आपल्याच माणसाने उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

संसद तिथून जवळच आहे. अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक सज्जात मोफत बसता येते. तिथे बसल्यावर एक गोष्ट आठवा. जातीवरून होणारा भेदभाव समता कायद्यात स्पष्टपणे आणण्याचे बंधन याच संसदेने 2013 साली सरकारवर घातले. त्याला तिथल्या काही हिंदू संघटनांनी कडवा विरोध केला. शेवटी 2018 साली सरकारने कायदा न करण्याचे ठरवले आणि न्यायालयीन निकालांवर विसंबून राहण्याचा मार्ग पत्करला. जात समुद्र ओलांडून लंडनला पोचली, पण तिच्याविरुद्धचा कायदा तिथे पोचू दिला गेला नाही. ‘परदेशात कुठे असते जात?’ असे विचारणाऱ्याला हे सांगा.

पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे. तो बघा, आणि मग लॅम्बेथ ब्रिज ओलांडून नदीपलीकडे जा. संसदेकडे तोंड करून महात्मा बसवेश्वरांचा पुतळा तिथे उभा आहे. बाराव्या शतकात जातीविरुद्ध उभा राहिलेला हा आपला माणूस टूर कंपनीच्या यादीत सहसा नसतो.

तिसरा दिवस : साखरेचे आणि घराचे लंडन

टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर आहे. इंग्रजांनी 1849 साली पंजाब खालसा केला आणि दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो घेतला. तिकीट महाग आहे आणि रांग लांब. ज्याला बघायचा त्याने बघावा. पण एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे गेलेल्या हिऱ्यात आपल्या आज्या-पणज्यांचे काय होते, हाही प्रश्न विचारावा.

त्याऐवजी पूर्वेला डॉकलँड्सच्या संग्रहालयात जा. प्रवेश मोफत. इमारत म्हणजे 1802 सालचे साखरेचे गोदाम. कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली साखर इथे उतरत असे. गुलामी आणि साखरेवरचे कायम दालन इथे 2007 पासून आहे. गुलामी रद्द करणारा कायदा 1833 साली झाला तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. ती कोणाला? मालकांना. गुलामाला एक पेनीही मिळाली नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड 2015 साली झाली. आपल्याकडे जमीनदारी रद्द झाली तेव्हाही मोबदला जमीनदाराला मिळाला, पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या वेठबिगाराला नाही. गुलामांच्या जागी पुढे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मॉरिशसमधली मराठी वस्ती त्याच प्रवाहातली आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केली, ती का, हे या गोदामात उभे राहिल्यावर उमगते.

दुपारनंतर चॉक फार्म स्टेशनवर उतरा आणि 10, किंग हेन्रीज रोड गाठा. बाबासाहेब 1921-22 मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 साली विकत घेतले. संग्रहालयाला स्थानिक कौन्सिलने 2018 मध्ये परवानगी नाकारली होती, ती 2020 साली ब्रिटिश सरकारने दिली. उघडण्याच्या वेळा आधी तपासून जा.

इथे डोळे भरून येतात आणि ते स्वाभाविक आहे. पण हे घर शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. बाबासाहेब या घरात झोपायला येत, त्यांचा दिवस जात होता तो ग्रंथालयात. सरळ घरी येऊन, हार घालून, सेल्फी काढून परतलात तर ते तीर्थयात्रेसारखेच झाले. आधी अमरावती, इंडिया ऑफिस, सेंट जेम्स आणि साखरेचे गोदाम बघून आलात, तर हा माणूस दिवसभर कशाशी झुंजून या खोलीत येत असेल ते कळते.

या बेतातली बहुतेक ठिकाणे मोफत आहेत. ट्यूब आणि बसला बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते, दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. पायात चांगले बूट आणि पिशवीत छत्री असू द्या. जाण्यापूर्वी गोलमेज परिषदेतली बाबासाहेबांची भाषणे वाचा. ती महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनात आहेत.

मित्रहो, राजवाडा बघून माणूस थक्क होतो, आणि थक्क झालेला माणूस प्रश्न विचारत नाही. राजवाडे त्यासाठीच बांधलेले असतात. आपला बाप त्याच शहरात राहिला आणि प्रश्न घेऊन परतला. तुमच्या मुलांना लंडन दाखवणार असाल, तर त्यांच्या बॅगेत तेवढे प्रश्न तरी भरून आणा.

जय भीम!