जुने विंडोज संगणक : दोषशोध व दुरुस्ती (मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा)

मायक्रोसॉफ्टने पाठबळ थांबवलेल्या विंडोज प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांतील मेमरी, साठवण आणि नेटवर्क यांचे नेहमीचे दोष ओळखून ते दूर करण्याची पद्धत. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि तिचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी, ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. पाठबळ संपले म्हणून यंत्र बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते आणि नवी संकेतस्थळे व नवी उपकरणे त्या यंत्राला हळूहळू ओळखेनाशी होतात.

पार्श्वभूमी : मोहाडी हे भंडारा–तुमसर मार्गावरील तालुक्याचे गाव आहे. धानाची शेती, आंधळगावचे कोसा विणकाम आणि वरठीचा पोलाद कारखाना व रेल्वे स्थानक ही या तालुक्याची ओळख. अशा तालुक्यात संगणक मुख्यतः तीन वाटांनी पोचला : २००२ पासून चालणाऱ्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे, शाळा व ग्रामपंचायतींचे संगणक, आणि झेरॉक्सच्या दुकानाला जोडून उभी राहिलेली ऑनलाइन सेंटरे. सातबारा, दाखले, पीकविमा, हमीभावाने धान विकण्यासाठीची नोंदणी ही कामे ऑनलाइन झाल्यापासून सेंटरमधले यंत्र अडले की रांगेतल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. अशा दुकानांत नवे यंत्र घेणे लांबणीवर पडते, म्हणून जुन्याची निगा राखण्याचे ज्ञान येथे मोलाचे ठरते.

मूळ नियम : या दुरुस्तीचा पहिला नियम ‘आधी माहिती, मग यंत्र’ हा आहे. यंत्र बिघडले की ‘फॉरमॅट मारून द्या’ असे सांगण्याची सवय सर्वत्र आहे. पण फॉरमॅटने दोषाचे कारण कळत नाही, आणि कारण हार्ड डिस्कमध्ये असेल तर चार दिवसांत तोच दोष परत येतो. मधल्या काळात लेखांची, फोटोंची, हिशेबाची एकमेव प्रत गेलेली असते. म्हणून यंत्र निदान अर्धवट तरी चालते आहे तोवर माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा. दुसरा नियम असा की एका वेळी एकच बदल करून तपासावे. रॅमही बदलली, केबलही बदलली आणि विंडोजही नव्याने टाकली, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळत नाही.

मराठी मजकुराची माहिती उतरवताना फॉन्टही घ्यावे लागतात. एक्सपीच्या काळातील बरेच मराठी लेखन युनिकोडमध्ये नसून शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टच्या स्वतंत्र संकेतांत आहे. त्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्यास इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकू नये. जुन्या यंत्राच्या विंडोज फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ फोल्डरची नक्कल सोबत ठेवल्यास मजकूर पुन्हा वाचता येतो आणि पुढे युनिकोडमध्ये बदलता येतो.

मेमरीचे दोष : हे दोन प्रकारचे असतात, रॅम कमी पडणे आणि रॅम सदोष असणे. त्यांची लक्षणे वेगळी आहेत.

रॅम कमी पडली की विंडोज हार्ड डिस्कचा एक भाग मेमरीसारखा वापरते. त्याला पेज फाइल म्हणतात. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरची जागा गाठायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे सुमारे एक लाख पट वेळ. त्यामुळे यंत्र ‘हँग’ झाल्यासारखे वाटते, पण डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. एकूण मागणी बसवलेल्या रॅमपेक्षा मोठी दिसली तर निदान पक्के. एक्सपीची किमान अट ६४ मेगाबाइट व शिफारस १२८ मेगाबाइट होती, पण आजचे एक वेबपानही तेवढ्यात मावत नाही. सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम कमी करणे आणि एकाच वेळी दोन अँटिव्हायरस न ठेवणे हे बिनखर्चाचे उपाय.

रॅम वाढवण्याआधी तीन मर्यादा पाहाव्यात. ३२ बिटांच्या विंडोजला २ च्या ३२ व्या घाताइतके, म्हणजे ४ गिगाबाइटचे पत्ते मिळतात. त्यातील काही पत्ते ग्राफिक्स व इतर उपकरणांकडे जातात, म्हणून ४ गिगाबाइट बसवूनही बहुधा ३ ते ३.५ च वापरात दिसतात. हा दोष नव्हे. विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीला २ गिगाबाइटची मर्यादा आहे, त्याहून अधिक रॅम घेणे व्यर्थ. तिसरी मर्यादा मदरबोर्डची : डीडीआर, डीडीआर२ व डीडीआर३ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि त्यांचे व्होल्टेजही अनुक्रमे २.५, १.८ व १.५ असे वेगळे. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नये.

रॅम सदोष असल्यास यंत्र सुरू होताना बीप वाजत राहते आणि पडदा काळा राहतो, किंवा दर वेळी वेगळ्या क्रमांकाची निळी स्क्रीन येते. यातील बराच भाग खऱ्या बिघाडाचा नसून संपर्काचा असतो. उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याची ओल यांमुळे पट्टीच्या सोनेरी कडेवर थर बसतो. वायर सॉकेटमधून काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची सोनेरी कड स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, भुकटी झटकावी आणि दोन्ही खटके लागेपर्यंत पट्टी पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. व्हिस्टा व त्यापुढील प्रणालींत मेमरी तपासण्याचे साधन अंगचेच असते. एक्सपीसाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम सीडीवरून चालवावा आणि रात्रभर चालू द्यावा. एकही चूक दाखवणारी पट्टी ठेवू नये, कारण ती साठवलेली माहिती नकळत बिघडवते.

साठवणीचे दोष : यंत्र एकाएकी फार मंद झाले आणि रॅम पुरेशी असली, तर एक्सपीमध्ये एक सहसा न सुचणारे कारण तपासावे. डिस्कशी देवाणघेवाण करताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी जलद डीएमए पद्धत सोडून संथ पीआयओ पद्धतीवर येते आणि आपोआप मागे फिरत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेलच्या गुणधर्मांत ही नोंद दिसते. ते चॅनेल अनइन्स्टॉल करून यंत्र पुन्हा सुरू केल्यास विंडोज ते नव्याने ओळखते आणि वेग परत येतो. तरीही दोष पुन्हा आला तर केबल बदलावी. जलद आयडीई डिस्कला ८० तारांची केबल लागते.

सी ड्राइव्ह गच्च भरणे हे दुसरे कारण. विखुरलेल्या फाइली जुळवणाऱ्या डीफ्रॅगमेंटरला निदान १५ टक्के जागा मोकळी लागते. डिस्क क्लीनअप चालवावे आणि डेस्कटॉपवर साठलेले स्कॅन व फोटो डी ड्राइव्हवर न्यावेत. डेस्कटॉप हाही सी ड्राइव्हचाच भाग आहे हे अनेकांच्या ध्यानात नसते.

डिस्क स्वतः मरणपंथाला लागली असल्यास टकटक आवाज येतो, फाइली उघडताना यंत्र थबकते, सुरू होताना स्मार्ट तपासणीचा इशारा दिसतो. येथे घाईने चेकडिस्क चालवू नये. ती फाइलव्यवस्था दुरुस्त करते, पण दुबळ्या डिस्कला तासन्‌तास राबवते आणि अर्धमेल्या फाइलींचे तुकडे करून टाकते. आवाज येत असेल तर यंत्र बंद करावे, डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि सर्वांत मोलाची फाइल आधी, मोठी गाणी-चित्रपट शेवटी, या क्रमाने माहिती उतरवावी. चेकडिस्क ही निरोगी डिस्कवर, लाईन अचानक गेल्यामुळे झालेल्या गोंधळासाठी आहे.

काही अडचणी दोष नसून जुन्या प्रणालींच्या सीमा असतात. मूळ एक्सपीला १३७ गिगाबाइटपलीकडील डिस्क दिसत नव्हती. सर्व्हिस पॅक १ ने ती अडचण दूर केली. जुन्या एमबीआर रचनेत सुमारे २ टेराबाइटपलीकडील भाग वापरता येत नाही. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल जात नाही, मग पेनड्राइव्ह रिकामा का असेना. साटा डिस्क लावून एक्सपी टाकताना ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन आली, तर बायोसमध्ये एएचसीआय ऐवजी आयडीई निवडावे. विंडोज ७ च्या यंत्रात एसएसडी बसवणे हा वेग वाढवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एक्सपीला मात्र एसएसडी ताजी ठेवणारी ट्रिम आज्ञा माहीत नाही.

पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसणे हे सेंटरांच्या नित्य परिचयाचे दुखणे. व्हायरसने खरे फोल्डर लपवलेले असतात, पुसलेले नसतात. शॉर्टकटवर क्लिक करू नये. अँटिव्हायरसने सफाई करावी आणि मग ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेने फोल्डरांवरील हिडन व सिस्टिम ही चिन्हे काढावीत. विंडोज ७ ने पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे बंद केले. फेब्रुवारी २०११ मध्ये तीच दुरुस्ती एक्सपी व व्हिस्टालाही दिली गेली. ती न मिळालेली यंत्रे आजही उघडी असतात.

नेटवर्कचे दोष : ‘नेट चालत नाही’ या एका वाक्यामागे किमान पाच वेगळे दोष असू शकतात. ते यंत्रापासून बाहेरच्या दिशेने शोधावेत. आधी लॅन पोर्टचा दिवा पाहावा. दिवा नसेल तर दोष तारेत, पिनेत किंवा पोर्टमध्ये आहे. लॅनची तार १०० मीटरहून लांब नसावी. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि यंत्राने तो स्वतःच घेतला आहे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. दोन यंत्रांना हाताने एकच पत्ता दिलेला असेल तर कधी हे, कधी ते यंत्र तुटते. त्यानंतर राउटरला ‘पिंग’ करावे आणि मग ८.८.८.८ या बाहेरच्या क्रमांकाला. क्रमांकाकडून उत्तर येते पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तेव्हा दोष नावावरून क्रमांक शोधणाऱ्या डीएनएसमध्ये असतो. व्हायरस काढल्यानंतर सगळे जोडलेले असूनही नेट बंद राहिले, तर ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा उपयोगी पडते.

हे सर्व ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवत असतील, तर घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की यंत्राची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते. वारंवार लाईन जाते आणि रात्री मुख्य बटण बंद केले जाते तेथे हा सेल लवकर संपतो. घड्याळाच्या दुकानातही मिळणाऱ्या या सेलने नेटचा दोष जातो हे अनेकांना खरे वाटत नाही.

घड्याळ बरोबर असूनही पान उघडत नसेल, तर प्रणालीच जुनी पडली आहे. एक्सपीतील इंटरनेट एक्स्प्लोरर ८ च्या पुढे जात नाही आणि त्याला टीएलएस १.२ ही आजची सुरक्षित बोली येत नाही. क्रोमची एक्सपीसाठीची शेवटची आवृत्ती ४९ आणि विंडोज ७ साठीची १०९ आहे. फायरफॉक्स स्वतःची सुरक्षा-व्यवस्था सोबत आणतो, म्हणून त्याची एक्सपीवर चालणारी ५२ वी आवृत्ती काही पाने उघडते. पण बँकेचे किंवा आधारचे काम अशा यंत्रावर करू नये.

एक्सपी आणि विंडोज १० यांच्यात फोल्डर शेअर होत नाही, कारण जुनी एसएमबी१ पद्धत विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवताना वगळली गेली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतील छिद्रातून जगभर पसरला. तेव्हा पाठबळ संपलेल्या एक्सपीलाही मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. सोयीसाठी एसएमबी१ पुन्हा चालू करणे हा उपाय नव्हे. तपासलेल्या पेनड्राइव्हने फाइल न्यावी.

हवामान व वीज : विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद खोलीत धुळीने भरलेला पंखा आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट यांमुळे यंत्र तापून आपोआप बंद पडते, आणि हा दोष रॅमचा समजला जातो. मार्च संपण्याआधी कॅबिनेट साफ करावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की सॉकेटबरोबर टेलिफोनची किंवा केबलची तारही काढावी, कारण मॉडेम व लॅन पोर्ट बऱ्याचदा त्याच वाटेने जळतात.

निवृत्ती : दुरुस्त्यांनंतरही यंत्र नेटसाठी सुरक्षित राहत नाही, तेव्हा ते नेटपासून तोडून टंकलेखन, हिशेब, छपाई यांसाठी वापरावे किंवा त्यावर हलकी लिनक्स प्रणाली टाकावी. भंगारात देण्याआधी मात्र हार्ड डिस्क बाहेर काढावी. सेंटरच्या यंत्रात गावकऱ्यांची आधारपत्रे, बँकेची पासबुके, जमिनीचे कागद वर्षानुवर्षे साठलेले असतात. फाइल पुसल्याने किंवा क्विक फॉरमॅटने ते नाहीसे होत नाहीत. एक्सपीचे पूर्ण फॉरमॅटही माहितीवर काही लिहीत नाही. व्हिस्टापासूनचे पूर्ण फॉरमॅट सर्वत्र शून्ये लिहिते. म्हणून डिस्क नव्या विंडोजवर पूर्ण फॉरमॅट करावी किंवा ती फोडून निकामी करावी, आणि उरलेले यंत्र ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे. ‘आधी माहिती, मग यंत्र’ हा नियम येथेही लागू पडतो. त्या डिस्कवरची माहिती दुकानदाराची नसते. ती त्याच्या दारात रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांची असते.