फडावरची लेखणी

१८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमसाहेबांच्या स्वाधीन होऊन पुढे ब्रह्मावर्ताची वाट धरली, आणि पुण्याच्या राज्याचा निकाल लागला. पराभूत सरदारांचे पुढे काय झाले, कोणाला जहागीर राहिली व कोणाची खालसा झाली, याची नोंद इतिहासाने बारकाईने ठेवली आहे. परंतु ज्यांनी उभ्या जन्मात तलवार हाती धरली नाही, ज्यांची सारी कर्तबगारी कानावर खोचलेल्या बोरूत होती, आणि ज्यांच्यावाचून त्या राज्याचा एक दिवसही निभला नसता, त्या हुजूर दप्तरातील कारकून मंडळींचे दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले असेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. घोडे गेले की शिलेदारी संपते हे सर्वांना दिसते. राज्य गेल्यावर लेखणीचे काय होते, ते दिसायला शतक-दीड शतक लागते.

भरभराटीच्या काळात हुजूर दप्तरात दोनशेच्या आसपास कारकून राबत असत. फड, बेहेडा, सरंजाम, चालते दप्तर, एक बेरीज दप्तर अशी त्यांच्या कामाची वाटणी होती. कोणी रोजकीर्द लिही, म्हणजे त्या दिवशी सरकारातून निघालेले हुकूम, दिलेल्या सनदा, आलेला व गेलेला पैसा यांची मिती घालून नोंद करी. कोणी त्यावरून खतावणी करी. कोणी साऱ्या महालांचे ताळेबंद जुळवून वर्षाची बेरीज एका कागदावर आणी. हे सर्व मोडीत. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्या आधाराने बोरू न उचलता ओळ धावती ठेवावयाची, ही त्या लेखनाची रीत. तिच्यात चिटणिशी वळण निराळे, बिवलकरी वळण निराळे, आणि जाणता माणूस अक्षरावरून लिहिणाऱ्याचे घराणे ओळखी असे म्हणतात. नुसते अक्षर सुरेख असून भागत नसे. पत्राचा मायना ज्याला पत्र जायचे त्याचा दर्जा जाणून घालावा लागे. ‘राजमान्य राजश्री’ कोणाला, ‘श्रीमंत’ कोणाला, आशीर्वाद कोणाला आणि विनंती कोणाला, यात चूक झाली तर ती लेखनदोष न ठरता राजकीय आगळीक ठरे. सुहूर सनाची अरबी वर्षनामे तोंडपाठ असावी लागत, आणि पत्र पुरे झाल्यावर मोर्तब होऊन लेखनमर्यादा झाल्याखेरीज त्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नसे.

या माणसांना आपल्या कामाची किंमत कशात वाटत होती? वेतन काही मोठे नव्हते. माझ्या मते तिचे मूळ दरखदारीच्या, म्हणजे सरकारातून थेट मिळालेल्या अधिकारपदांच्या, व्यवस्थेत आहे. महालावर मामलेदार किंवा कमाविसदार गेला तरी त्याच्यासोबत फडणीस, मुजुमदार, चिटणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार असत. ते मामलेदाराने नेमलेले नसत, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकारही त्याला नसे. ज्या कागदावर मुजुमदाराची खूण नाही तो हिशेब पुरा नाही. फडणिसाने नोंद केली नाही तो हुकूम दप्तरी दाखल नाही. आपल्या वरच्या माणसाला ‘हे असे लिहिता येणार नाही’ असे सांगण्याची सोय ज्या चाकरीत आहे, त्या चाकरीतला माणूस स्वतःला केवळ चाकर मानीत नाही. नाना फडणीस हे या शक्यतेचे टोकाचे उदाहरण: हिशेबाच्या दरखापासून निघून ते राज्याच्या सूत्रधारापर्यंत पोचले, आणि तरी त्यांची ओळख अखेरपर्यंत दरखाच्याच नावाने राहिली.

दप्तराची अवनती मात्र इंग्रजांपासून सुरू झाली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांपासून नाना फडणिसांच्या कारकिर्दीपर्यंत जे दप्तर काटेकोर होते, ते दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दुर्लक्षित झाले, आणि लोक त्यातले कागद खुशाल घरी नेऊ लागले. एल्फिन्स्टनसाहेब दख्खनचे कमिशनर झाले तेव्हा त्यांनी हे दप्तर ताब्यात घेऊन लावण्याचे काम मॅक्लिऑड या आपल्या साहाय्यकाकडे सोपविले. हे एकट्या साहेबाच्याने होण्यासारखे नव्हते. म्हणजे कागद लावणारे हात जुन्याच मंडळींचे. त्यांची रोजी बुडाली नाही. बुडाला तो दरख. कलेक्टरच्या कचेरीत शिरस्तेदार झाला, मामलेदार पगारी झाला, आणि पुढे प्रिंगल, गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची पाहणी आरंभिली, तेव्हा शेताच्या बांधावर साखळी धरणाऱ्या मोजणीदारांची व पत्रके भरणाऱ्या कारकुनांची नवी जात उदयास आली. काम वाढले, माणसे वाढली, पण ‘हे असे लिहिता येणार नाही’ म्हणण्याचा अधिकार साहेबाच्या मेजापलीकडे गेला.

या स्थित्यंतराची एक हकीकत अशी की ती कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते. आष्टीला पडलेल्या त्याच बापू गोखल्यांच्या पदरी फडणीस असलेल्या गृहस्थांचा मुलगा, १८२३ साली पुण्यात जन्मलेला, इंग्रजी शिकून १८४४ मध्ये सरकारात भाषांतरकार झाला, मग मुनसफ झाला, आणि १८५६ च्या सुमारास असिस्टंट इनाम कमिशनर झाला. ते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी. १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनचे काम असे, की ज्यांच्यापाशी पेशवाईतल्या वा त्यापूर्वीच्या इनामाच्या सनदा आहेत त्यांनी त्या हजर कराव्या, आणि दप्तरातल्या नोंदीशी ताडून पाहून खऱ्या ठरल्या तरच इनाम चालावे. बापाच्या पिढीने ज्या कागदांनी हक्क दिले, त्याच कागदांनी मुलाच्या पिढीने ते तपासले. इनामदारांनी त्या कमिशनला भरपूर शिव्याशाप दिले. लोकहितवादींना त्या कामात समाधान लाभले की नाही, याचा अंदाज त्यांच्या नोकरीवरून बांधता येत नाही. त्यांचे मन ओळखायचे तर त्याआधी ‘प्रभाकर’ पत्रात येऊ लागलेली शतपत्रे वाचावी लागतात, जिथे कारकुनीवर तृप्त राहणाऱ्या आपल्याच वर्गाला त्यांनी मुळीच गोंजारलेले नाही.

आणि दप्तराच्या दारापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ही सारी प्रतिष्ठा कशी दिसत होती? ज्या लेखणीत कारकुनाला मान वाटे, तिच्याच धाकाने कुणब्याची झोप उडे. आपल्या नावावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कुलकर्णी व कचेरीतील भट कामगार यांच्यावर जो कोरडा ओढला, त्यातला संताप अवास्तव नव्हता. हा व्यवसाय दोन-चार जातींच्या घरातच फिरत राहिला होता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा ज्यांच्या घरात बोरू कधी आला नव्हता अशांनाही त्या गादीवर बसण्याची वाट मोकळी झाली. एका घराण्याच्या मानहानीची गोष्ट दुसऱ्या घराण्यात पहिल्या नोकरीची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

इकडे जुन्या कागदांचे राजकीय विष उतरत चालले होते, आणि जो कागद हक्क देत नाही व हिरावूनही घेत नाही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहणारी माणसे निर्माण झाली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वाचीत. मुलांना शब्द चालवायला लावण्यापेक्षा त्या पत्रांत त्यांचा जीव अधिक रमला असावा, नाहीतर ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे इतके खंड निघाले नसते. राजवाड्यांनी शिक्षकी थोड्याच काळात सोडली आणि गावोगावचे वाडे धुंडाळीत जन्म काढला. पारसनिसांनी मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर हस्तगत केले. सरकारी चाकरीतले रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दीतून जे उतारे निवडून काढले, त्यांवर आयुष्याच्या अखेरीस न्यायमूर्ती रानड्यांनी निबंध लिहिला. कारकुनाने कंटाळत केलेली नोंद न्यायमूर्तींच्या चिंतनाचा विषय झाली.

परंतु चाकरी बदलून आपले खरे काम गाठण्याचा सर्वांत लांबचा प्रवास गोविंद सखाराम सरदेसायांचा. १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून रुजू झाले, पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले. महाराजांना वाचून दाखवायचे, मुलांना इतिहास शिकवायचा, त्यासाठी टिपणे काढायची, हे चाकरीचे काम. त्या टिपणांतूनच ‘रियासती’ उभ्या राहिल्या. पस्तीस-छत्तीस वर्षे संस्थानी दरबाराचे रीतिरिवाज सांभाळून १९२५ मध्ये ते निवृत्त झाले व कामशेतला येऊन राहिले. सामान्य माणसाने येथे टाळ-चिपळ्या हाती घेतल्या असत्या. सरदेसायांना वयाच्या पासष्टीच्या सुमारास मुंबई सरकारने पुण्याच्या पेशवे दप्तरात नेऊन बसविले, आणि त्यामागे त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार यांचा आग्रह होता. कौन्सिल हॉलनजीकच्या त्या दगडी इमारतीत तीस हजारांहून अधिक रुमाल बांधून ठेवलेले. त्यांतले निवडक कागद वाचून, बाळबोधीत उतरवून, १९३० ते १९३४ या अवधीत ४५ खंड बाहेर पडले. हे काम एकट्या सरदेसायांकडे गेले हे पुण्यातील काही संशोधकांना रुचले नाही, आणि निवडीबद्दल त्यांचे काही आक्षेप योग्यही होते. तरी मला त्या खंडांकडे पाहताना वेगळीच गोष्ट जाणवते. ती पत्रे वाचून उतरविणाऱ्या मोडी जाणत्या मदतनिसांवाचून चार वर्षांत हा डोंगर हलला नसता; त्यांच्यातल्या कित्येकांचे वाडवडील दप्तरातच लिहीत असतील. मूळ पत्राचा लेखक निनावी, उतरविणारा जवळजवळ निनावी, आणि मधल्या दीडशे वर्षांत मान मिळाला तो छापणाऱ्याला. कारकुनाला कीर्ती मिळत नाही हा नियम राज्य बदलले तरी बदललेला दिसत नाही.

तोवर मोडीचे दिवस भरले होते. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध पसंत केली, १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा व कुलकर्णी वतनेही संपली, आणि काही वर्षांत शाळेतून मोडी गेली. मोडी येणारा माणूस वाड्याच्या वाटणीत, देवस्थानाच्या दाव्यात, क्वचित न्यायालयात लागे. एरवी ती विद्या निवृत्तीच्या वेतनावर जगणाऱ्यांचा छंद होऊन बसली. मग २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून गावोगावच्या जुन्या नोंदींत ‘कुणबी’ हा शब्द शोधण्याचे काम निघाले, आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचकांचा शोध सुरू झाला. ज्यांना कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते त्यांना पुन्हा कचेरीत बोलावून समोर जन्ममृत्यूची रजिस्टरे ठेवण्यात येऊ लागली. एखादा वाचक बोटाखालची ओळ उलगडत ‘येथे कुणबीच लिहिले आहे’ किंवा ‘येथे तसे लिहिलेले नाही’ असे सांगतो, आणि टेबलाभोवती उभा असलेला अधिकारी, अर्जदार व त्याचे आप्त गप्प राहून तो पुढे काय वाचतो याची वाट पाहतात.